वर्षअखेरचा संकल्प, प्रबंधाची मुदत आणि बंद पडलेली हार्ड डिस्क : सल्ला हवा आहे

तापीकाठ (१६ नोव्हेंबर, रात्री १०.४०)

नमस्कार. एरवी मी येथे वाचनमात्र असते, पण आज अडचण घेऊन आले आहे. मी इतिहास विषयात पीएच.डी. करते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी ओसरल्यावर खानदेशातील शेतकरी, सावकार आणि पुढे उभे राहिलेले जिनिंग (कापसातली सरकी काढण्याचे) कारखाने यांच्यातील व्यवहार कसे बदलत गेले, असा माझा विषय आहे. नोंदणीची सहा वर्षे येत्या फेब्रुवारीअखेर संपतात. म्हणून जूनमध्येच मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षअखेरची उद्दिष्टे लिहून ठेवली होती. दिवाळीच्या आसपास चौथे प्रकरण, नोव्हेंबरअखेर पाचवे, १५ डिसेंबरपर्यंत निष्कर्ष व संदर्भसूची, आणि ३१ डिसेंबरला संपूर्ण कच्चा मसुदा मार्गदर्शकांच्या टेबलावर.

चौथे प्रकरण सावकारी आणि गहाणखतांचे आहे. ते ८ नोव्हेंबरला पूर्ण झाले, ६२ पाने भरली. ११ तारखेला सकाळी लॅपटॉप सुरू केला तेव्हा आतून टक् टक् असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीच्या दुकानात सांगितले की हार्ड डिस्क गेली आहे, माहिती परत मिळवायची तर ती मुंबईला पाठवावी लागेल, १८ ते २५ हजार रुपये खर्च येईल आणि एवढे करून खात्री देता येणार नाही.

माझ्याकडे शिल्लक काय आहे ते सांगते. पहिली तीन प्रकरणे मार्गदर्शकांना मेलने पाठवलेली असल्यामुळे सुरक्षित आहेत. चौथ्या प्रकरणाची सप्टेंबरमधली ४१ पानांची छापील प्रत आहे आणि तिच्यावर सरांनी लाल शाईने दुरुस्त्या केलेल्या आहेत. मुंबईच्या पुराभिलेखागारात काढलेली कागदपत्रांची छायाचित्रे सुदैवाने फोनमध्येच आहेत. सप्टेंबरनंतर लिहिलेली २१ पाने मात्र कोठेही नाहीत.

मी मुदतवाढीसाठी अर्ज करावा, की ३१ डिसेंबरचा हट्ट धरून उरलेल्या ४५ दिवसांत सगळे पुन्हा लिहावे? आणि त्या डिस्कवर पैसे घालावेत का?

डब्बाखोल (१६ नोव्हेंबर, रात्री ११.५५)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात वेळ महत्त्वाचा आहे. वीस वर्षे संगणक उघडून पाहण्याच्या धंद्यात आहे, तेव्हा हात जोडून सांगतो, की ती डिस्क आता पुन्हा एकदाही चालू करू नका. टक् टक् आवाज म्हणजे चकतीवरून फिरणारे वाचनाचे टोक आपल्या जागी जाण्याचा प्रयत्न करते आहे आणि त्याला ते जमत नाही. काही वेळा ते टोक चकतीला घासत असते, आणि मग प्रत्येक वेळी वीज दिल्यावर चकतीचा आणखी थोडा थर खरवडला जातो. दुकानदाराने 'एक सॉफ्टवेअर लावून बघू' असे म्हटले असेल तर नम्रपणे नकार द्या. सॉफ्टवेअरचा उपयोग फाइल चुकून पुसली गेली असेल तेव्हा होतो, यंत्रच मोडले असेल तर होत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच. तो मुळीच ऐकू नका, आत दव धरले तर उरलीसुरली आशाही संपते.

पाठवायचीच असेल तर 'माहिती मिळाली नाही तर तपासणीशुल्काशिवाय काही आकारणार नाही' असे लेखी घ्या. पण २१ पानांसाठी २५ हजार, म्हणजे पानामागे जवळजवळ १,२०० रुपये होतात. डिस्कवर आणखी काही अमोल नसेल तर मी पाठवणार नाही.

सदाफुली (१७ नोव्हेंबर, सकाळी ६.१५)

आधी दोन घास खाऊन नीट झोप घ्या. डिस्क आज बंद आहे, ती उद्याही बंदच असणार आहे.

कोरडवाहू (१७ नोव्हेंबर, सकाळी ९.०५)

मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत प्रबंध पूर्ण केला आहे, म्हणून थोडे कठोर बोलतो, राग मानू नये. एकवीस पाने गेली आहेत, एकवीस वर्षे नव्हेत. रोज तीन पाने लिहिली तर सात दिवसांत काम संपते, आणि विषय डोक्यात ताजा असल्यामुळे दुसऱ्यांदा लिहिताना वेगही वाढतो. मुदतवाढीचा अर्ज करू नका. मुदतवाढ मिळाली की माणूस सैल पडतो. माझ्या बरोबरीच्या दोघांनी एकेक वर्ष वाढवून घेतले, त्यांतले एक अजूनही 'शेवटचे प्रकरण चालू आहे' असेच सांगतात.

तापीकाठ (१७ नोव्हेंबर, दुपारी १.२०)

डब्बाखोल, आभार. डिस्क दुकानातून परत आणली आणि कापडात गुंडाळून कपाटात ठेवली.

कोरडवाहू, राग आलेला नाही, परंतु हिशेब पटत नाही. त्या एकवीस पानांत नुसती वाक्ये नव्हती. त्यांना ऐंशीच्या आसपास तळटिपा होत्या, आणि प्रत्येक टीप म्हणजे कोणत्या खात्याचे कोणते दप्तर, कोणता खंड, कोणते पान. वाक्य मला पुन्हा सुचेल. एखादे गहाणखत कोणत्या खंडातल्या कोणत्या पानावर पाहिले होते, ते मात्र सुचण्यासारखे नसते. फोनमध्ये छायाचित्रे आहेत हे खरे, पण ती सुमारे ३,४०० आहेत आणि त्यांची नावे कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांचीच आहेत.

निवृत्त_मास्तर (१७ नोव्हेंबर, सायंकाळी ७.३०)

मी मार्गदर्शक म्हणून अकरा विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहिले, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

आपण '३१ डिसेंबरला मसुदा सरांच्या टेबलावर' असे उद्दिष्ट ठेवले आहे. ही तारीख विद्यापीठाने दिलेली नाही, आपल्या सरांनीही दिलेली दिसत नाही. ती कॅलेंडर छापणाऱ्याने दिलेली आहे. माझ्या टेबलावर जे मसुदे ३१ डिसेंबरला येत, ते मी २० जानेवारीच्या आत कधीच उघडले नाहीत. डिसेंबरात सत्रपरीक्षा, पेपरतपासणी, कोणाकोणाच्या घरची लग्ने, आणि यंदा नगरपालिकांच्या निवडणुकांमुळे निम्मे कार्यालय त्या कामावर. त्याऐवजी आपण एकेक प्रकरण, पूर्ण होईल तसे, सरांकडे देत गेलात तर त्यांचे वाचन आणि आपले लेखन बरोबरीने चालेल. 'संपूर्ण मसुदा एकदम' हा आग्रह विद्यार्थ्यांना भव्य वाटतो, मार्गदर्शकाला तो ओझ्यासारखा वाटतो.

मुदतवाढीसंबंधी कोरडवाहू यांचे मत मला मान्य नाही. आपली नोंदणी २०२० ची असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे नियम आपल्याला लागू असावेत. त्यांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत असून स्त्रियांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत देता येते. (नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांत पुनर्नोंदणीने दोन वर्षे आणि स्त्रियांसाठी त्यावर आणखी दोन वर्षे अशी तरतूद आहे.) सवलत नियमात आहे म्हणून ती आपोआप मिळते असे मात्र समजू नये. अर्ज मुदत संपण्याआधी, मार्गदर्शकांच्या शिफारशीसह आणि प्रगती अहवाल जोडून करावा लागतो. मुदत संपल्यानंतर आलेल्या अर्जाला कार्यालयात जे उत्तर मिळते ते ऐकण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

अर्ज करून ठेवणे आणि तरीही वेळेत काम संपवणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. छत्री घेऊन निघालेल्या माणसावर पाऊस पडलाच पाहिजे असे थोडेच आहे?

पुणे३० (१७ नोव्हेंबर, रात्री ९.१०)

गूगल ड्राइव्हवर ठेवले असते तर हा धागाच निघाला नसता. २०२५ साल आहे, लोक अजूनही प्रबंध एका यंत्रात ठेवतात याचे आश्चर्य वाटते.

डब्बाखोल (१७ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

पुणे३०, आश्चर्य नंतर करू. ड्राइव्हवर फोल्डर जोडून ठेवणे म्हणजे समक्रमण, ती राखीव प्रत नव्हे. येथे पुसले की तेथेही पुसले जाते, येथली फाइल बिघडली की तेथेही बिघडलेलीच जाते. कचरापेटीतून परत आणता येते, परंतु ३० दिवसांनंतर ती पेटी आपोआप रिकामी होते. माझ्याकडे एक विद्यार्थी आला होता. त्याने जुलैत जागा कमी पडते म्हणून लॅपटॉपवरचे फोल्डर पुसले, 'ड्राइव्हवर आहेच की' असे मानले, आणि सप्टेंबरात शोधायला गेला.

आमच्या व्यवसायात तीन-दोन-एक असा दंडक सांगतात. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. प्रबंधापुरते बोलायचे तर लॅपटॉप, दर रविवारी जोडून लगेच काढून ठेवलेली बाहेरची डिस्क, आणि स्वतःलाच मेलने पाठवलेली त्या दिवशीची फाइल. फाइलच्या नावात तारीख घालावी. 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'खरोखर अंतिम' अशा नावांच्या फाइलींतली अंतिम कोणती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ऱ्हस्वदीर्घ (१७ नोव्हेंबर, रात्री ११.००)

डिस्क शाबूत असूनही फसता येते, याचा पुरावा मी आहे. गेल्या वर्षी माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलावा लागला. डिस्क धडधाकट होती, सगळे प्रबंधलेखन तिच्यात होते. पण सुरू करताच निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी किल्ली मागितली गेली. माहिती कूटबद्ध असते हेच मला ठाऊक नव्हते, मग किल्ली कोठून असणार? शेवटी लॅपटॉप घेतला तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने नोंद केली होती, त्या खात्यात ती सापडली. आणि ते खाते माझ्या धाकट्या भावाने स्वतःच्या नावाने उघडले होते. तो तेव्हा सियाचीनच्या बाजूला तैनात होता, फोन लागायला नऊ दिवस गेले. ज्यांचे लॅपटॉप विंडोजचे आहेत त्यांनी आजच खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

वाळवी (१८ नोव्हेंबर, सकाळी ८.२५)

माझ्या वडिलांनी १९८० च्या दशकात प्रबंध हाताने लिहिला. त्यांना व्हायरस, किल्ली, समक्रमण यांतले काहीच माहीत नव्हते. त्यांची तीन प्रकरणे माझ्या सदस्यनामाने खाल्ली.

मुळाक्षर (१८ नोव्हेंबर, सकाळी १०.५०)

तापीकाठ, छापील ४१ पाने पुन्हा टंकित करत बसू नका. सपाट स्कॅनरवर रंगीत स्कॅन करा, त्या चित्राचा केवळ लाल रंगाचा पदर वेगळा काढा, म्हणजे सरांची लाल शाई पांढऱ्या कागदात जवळजवळ विरून जाते आणि काळी छपाई तेवढी उरते. चित्रे हाताळणाऱ्या कोणत्याही मोफत प्रणालीत हे करता येते. ती पाने ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी शुद्ध मिळतो. तळटिपांचे आकडे मात्र मजकुरात मिसळतील, ते हाताने सोडवावे लागतील. सरांच्या दुरुस्त्यांसाठी मूळ प्रत जपून ठेवा.

आणखी एक शंका. आपण सुरुवातीपासून युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकाला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरसंकेतात, लिहीत आहात ना?

तापीकाठ (१८ नोव्हेंबर, दुपारी ४.००)

लाल शाईची युक्ती अद्भुत आहे, आज दोन पानांवर करून पाहिली.

युनिकोडच्या प्रश्नावर मान खाली घालून उत्तर देते. पहिले, तिसरे आणि चौथे प्रकरण मी स्वतः युनिकोडमध्ये लिहिले. दुसरे प्रकरण तेव्हा आजारी असल्यामुळे विद्यापीठाजवळच्या टंकलेखकाकडून करून घेतले आणि ते एका जुन्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट माझ्याकडे असल्यामुळे आजवर काही बिघडले नव्हते.

मुळाक्षर (१८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०)

मग ते प्रकरणही आपल्या वर्षअखेरच्या यादीत घाला, कारण ते बिघडलेलेच आहे, केवळ दिसत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ असते. साम्यतपासणीच्या, म्हणजे उचललेला मजकूर शोधणाऱ्या प्रणालीत असा प्रबंध घातला तर साम्य शून्य टक्के येते. एका स्नेह्याने हा अहवाल फार अभिमानाने दाखवला होता! आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. शून्य टक्के मिळाले म्हणून कोणी रागावणार नाही, पण उद्या प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) गेल्यावर 'सावकारी' हा शब्द शोधणाऱ्याला आपले दुसरे प्रकरण कधीही सापडणार नाही. सहा वर्षांच्या कष्टांनंतर असे अदृश्य राहणे मला तरी सोसवले नसते.

परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, रफाराचे याच्या नेमके उलट. अदलाबदलीत नेमकी तीच अक्षरे घसरतात.

सदाफुली (१८ नोव्हेंबर, रात्री ८.४५)

मी तंत्रज्ञ नाही, पण एक विचारते. चौथ्या प्रकरणाचे कधी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढले होते का? आमच्या गल्लीतला दुकानदार पेन ड्राइव्हवरून थेट कधीच छापत नाही. आधी स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतो आणि मग छापतो, आणि पुसत तर तो काहीच नाही. मला एकदा त्याच्या पडद्यावर स्वतःचा पाच वर्षांपूर्वीचा अर्ज दिसला होता.

तापीकाठ (१९ नोव्हेंबर, दुपारी १२.१०)

सदाफुलीताई, तुम्ही कोठे राहता ते सांगा, मी पेढे घेऊन येते.

१७ ऑक्टोबरला मी मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवर सगळे फोल्डर घेऊन विद्यापीठाच्या फाटकाजवळच्या दुकानात गेले होते, चौथ्या प्रकरणातले दोन तक्ते मोठ्या कागदावर छापायला. पेन ड्राइव्ह तिला परत केला आणि तिने तो पुसून वापरलाही. आज दुकानात गेले. दादांनी 'दिवाळीच्या आधीचे म्हणजे इकडे असेल' असे म्हणत 'न्यू फोल्डर ३७' उघडले, आणि त्यात माझे प्रकरण होते! त्या दिवशीपर्यंतची ५४ पाने.

आता रडगाणे. फाइल उघडत नाही. 'फाइल खराब आहे' असा संदेश येतो आणि वर्डची स्वतःची दुरुस्तीही हात टेकते. बहुधा उतरवून घेताना पेन ड्राइव्ह मध्येच हलला असावा.

डब्बाखोल (१९ नोव्हेंबर, दुपारी १२.३०)

त्या फाइलची आधी एक प्रत करा आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवरच करा. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह व्हायरससाठी तपासल्याशिवाय कोणत्याही संगणकाला लावू नका. त्या दुकानांतून प्रबंधांपेक्षा व्हायरस जास्त छापले जातात.

मुळाक्षर (१९ नोव्हेंबर, दुपारी १.१५)

आशा सोडू नका. वर्डची .docx प्रकारची फाइल ही खरे तर एक झिप पेटी असते, आणि तिच्या आत अनेक लहान फाइली असतात. प्रतीच्या नावाचे शेपूट बदलून झिप करा आणि सेव्हन-झिपने उघडून पाहा. आत 'वर्ड' नावाचे फोल्डर असेल. त्यात 'डॉक्युमेंट' या फाइलमध्ये मुख्य मजकूर असतो आणि तळटिपा त्याच्या शेजारी 'फूटनोट्स' नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये असतात. पेटीचा एक भाग बिघडला तरी बाकीचे भाग बहुधा शाबूत निघतात. जे निघेल ते साध्या मजकूर-संपादकात उघडा, कोनी कंसांतल्या खुणांच्या मध्ये आपले मराठी दिसेल.

तापीकाठ (१९ नोव्हेंबर, रात्री १०.२५)

मुख्य मजकूर सुमारे तिसाव्या पानापर्यंत निघाला आणि एका वाक्याच्या मध्यावर तुटला. तळटिपांची फाइल मात्र अखंड निघाली. पहिल्या टिपेपासून १३१ व्या टिपेपर्यंत सगळ्या टिपा, दप्तराच्या नावासह, खंडासह, पानासह. मुंबई इलाखा गॅझेटियरच्या खानदेशावरच्या १८८० च्या बाराव्या खंडातले संदर्भसुद्धा जसेच्या तसे. मी त्या ओळी मोठ्याने वाचल्या आणि आईला वाटले की मी पोथी वाचते आहे.

निवृत्त_मास्तर (२० नोव्हेंबर, सकाळी ७.००)

आता आपण नेमके कोठे उभे आहात ते पाहू. तीस पाने मजकूर परत मिळाला. एकेचाळिसाव्या पानापर्यंतचा छापील आहे. पुढची तेरा पाने शब्दांनी गेली आहेत, पण त्यांच्या तळटिपा क्रमाने हाती आहेत. केवळ शेवटची आठ पाने पूर्णपणे नव्याने लिहायची आहेत. इतिहासाच्या प्रबंधात तळटिपांचा क्रम म्हणजेच युक्तिवादाचा क्रम असतो. ९५ क्रमांकाची टीप वाचल्यावर तिच्या डोक्यावर काय लिहिले होते ते आपल्याला आठवेल, आणि जे आठवणार नाही ते बहुधा नसले तरी चालणारे असेल.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांची प्रकरणे अशीच हरवली होती. एकाचे रेल्वेत, पिशवीसकट. दोघांनीही दुसऱ्यांदा लिहिलेले प्रकरण पहिल्यापेक्षा आखूड होते. पहिल्या खेपेला आपण सापडलेला प्रत्येक कागद आत घालतो, कारण तो सापडायला कष्ट पडलेले असतात.

कोरडवाहू (२० नोव्हेंबर, सकाळी ९.३०)

मास्तर, येथे अनुमोदन. सात दिवसांचा हिशेब मी तळटिपा न मोजता केला होता, तो मागे घेतो. मुदतवाढीबद्दल मात्र एक मुद्दा राहिला. अधिछात्रवृत्ती असेल तर ती साधारण पाच वर्षांची असते आणि नोंदणी सहा वर्षांची. म्हणजे सहावे वर्ष तसेही पदरमोड करून काढावे लागते आणि मुदतवाढीचे वर्ष तर पूर्णच. मी त्या काळात तीन महाविद्यालयांत तास घेत होतो आणि मानधन वर्षाच्या शेवटी मिळत असे. 'सैल पडतो' असे मी म्हणालो ते आळसामुळे नव्हे. मुदत वाढली की माणूस आणखी चार तास घेतो, आणि मग प्रबंध रात्री अकरानंतर उरतो.

निवृत्त_मास्तर (२० नोव्हेंबर, दुपारी २.१५)

हे मला टेबलाच्या माझ्या बाजूने दिसले नव्हते. मान्य.

तरीही अर्ज करावाच. आणि जुन्या नियमांनुसार सादरीकरणापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित असणे व दोन परिषदांतून निबंध सादर केलेले असणे आवश्यक आहे. त्यांची मूळ प्रमाणपत्रे हार्ड डिस्कमध्ये नव्हे, कागदी फाइलीत आहेत ना, ते आजच पाहून घ्यावे.

तापीकाठ (२० नोव्हेंबर, रात्री ९.००)

प्रमाणपत्रे कागदी फाइलीत आहेत. तूर्त भावाच्या जुन्या लॅपटॉपवर लिहिते आहे. त्यावर विंडोज १० आहे, त्याच्या सुरक्षा-सुधारणा ऑक्टोबरात थांबल्या, म्हणून लिहिताना त्याला इंटरनेट जोडत नाही. याचा एक अनपेक्षित लाभ म्हणजे दिवसाला चार पाने होत आहेत.

ऱ्हस्वदीर्घ (१२ डिसेंबर, सकाळी १०.००)

तापीकाठ, बरेच दिवस खबर नाही. कोठवर आले?

तापीकाठ (३१ डिसेंबर, सायंकाळी ६.३०)

आज ती तारीख आहे, म्हणून हिशेब द्यायला आले.

चौथे प्रकरण ६ डिसेंबरला पुन्हा पूर्ण झाले आणि ते ६२ ऐवजी ४९ पानांचे झाले. कर्जाच्या दरांवरचा एक उपविभाग मला काही केल्या आठवला नाही, आणि सरांनी तो नसल्याचे ओळखलेही नाही. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे प्रकरण लगेच सरांकडे दिले आणि ते चक्क दहा दिवसांत वाचून परत आले. मुदतवाढीचा अर्ज १५ तारखेला शिफारशीसह दाखल केला, पोच घेतली आणि पोचेच्याही तीन प्रती केल्या. पाचवे प्रकरण निम्मे झाले आहे. निष्कर्षाचा एक शब्दही लिहिलेला नाही. संदर्भसूची आता झोटेरो या संदर्भ नोंदवण्याच्या प्रणालीत भरते आहे. जूनमध्ये कॅलेंडरवर लिहिलेल्या चार ओळींपैकी एक पूर्ण झाली, आणि नव्या कॅलेंडरवर मी केवळ जानेवारीचे लिहिले आहे. हार्ड डिस्क मुंबईला पाठवली नाही.

दुसऱ्या प्रकरणाचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतले. मुळाक्षर म्हणाले होते तसे रफार आणि वेलांट्या घसरल्याच, पण त्यापेक्षा विचित्र प्रकार झाला. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'व्यापाऱ्यांचे' या सगळ्या शब्दांत 'ऱ्या'च्या जागी रफार आला आहे. एकूण २१४ ठिकाणी 'शेतकर्यांना' असे झाले आहे. सगळीकडे एकदम बदल करण्याची आज्ञा देऊ का?

मुळाक्षर (३१ डिसेंबर, सायंकाळी ६.५०)

थांबा, एकदम बदलू नका! 'कार्य', 'पर्याय', 'सूर्य', 'मर्यादा' हे शब्दही त्याच तडाख्यात सापडतील. 'कऱ्यां', 'पाऱ्यां', 'सऱ्या' असे तुकडे घेऊन, प्रत्येक जागा पाहून बदला. प्रकरणात आचार्य वगैरे कोणी असतील तर विशेष जपा.

तापीकाठ (३१ डिसेंबर, सायंकाळी ७.०५)

सूचना पाच मिनिटे उशिरा वाचली. तळटिपांत एक आचार्य होते, ते आता 'आचाऱ्य' झाले आहेत.

सदाफुली (३१ डिसेंबर, सायंकाळी ७.१०)

कंट्रोल आणि झेड. आणि मग मुळाक्षर सांगतात तसे एकेक करून.